गोठ्यावरचं कोहळं

वडनेर भोलजी
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

सौ. झुंबरताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. शंकररावभाऊजींनाही सांगणे. इकडे थंडी सुरू झाली आहे. पाचही शेळ्या बऱ्या आहेत, कबरी गाभण आहे, गोठ्यामागचा हादगा फुलला आहे. वाचनालयात तीन नवी पुस्तकं आली आणि सात जुनी अजून परत आलेली नाहीत. यापुढे 'तुमच्याकडे सर्व कुशल असेलच' असं लिहायची रीत आहे. ते कुशल नाही हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य गाळते.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. प्रेमचा मोबाइलही म्हणे तुझ्याच उशाखाली असतो. मग उरलं टपाल. हे पत्र तू फाडशील हे धरूनच चालले आहे. फक्त फाडण्याआधी पूर्ण वाच, कारण शेवटाकडे तुझ्या कामाचं काहीतरी आहे.

आधी मला भांडू दे.

अकरा तारखेला, मंगळवारी, मी भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी घेऊन दवाखान्यात आले. सहा वर्षं ज्याचे डबे भरले त्या पोराला डबा घेऊन आले, यात मला तरी काही गैर वाटलं नव्हतं. तू वॉर्डाच्या दारात आडवी उभी राहिलीस. आठ खाटांवरचे आठ पेशंट आणि त्यांचे सोळा नातेवाईक यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "सकाळी तुनं कोहळ्याले कोयता लावला अन् संध्याकाळी माह्या लेकाचा पाय मोडला. आता कोनत्या तोंडानं पाहाले आली?"

मी म्हणाले, "ताई, आत तर येऊ दे."

"तुही सावली नको त्याच्यावर."

सलाइन लावलेला एक म्हातारा, ज्याची माझी सात जन्मांची ओळख नाही, तोही मान हलवून म्हणाला, "खरं हाय. बाईनं नाई कापू." त्याच्या हातात सुई नसती तर त्यानं मला उपासही सांगितले असते. तुझ्या खांद्यावरून मला प्रेमचा पाय दिसला, वर टांगलेला, गुडघ्यापासून पांढरा. चेहरा दिसला नाही. मी डबा घेऊन परत फिरले.

आता तुला ही बातमी इतक्या लवकर कशी पोचली तेही मला माहीत आहे. आमचे शेजारी किसनराव. वय बहात्तर. एरवी गुडघे धरून ओट्यावरून उतरतात. पण सोमवारी सकाळी त्यांनी माझ्या अंगणात सुपात वाळत घातलेल्या कोहळ्याच्या बिया पाहिल्या, आणि दुपारच्या बसनं ते जळगाव जामोदला लेकीकडे पोचलेसुद्धा. तिथून तुझं घर चार दारांवर.

बिया पाहून त्यांनी मला विचारलं होतं, "हे कोनं कापलं?"

"मी."

"काऊन वं? मी मेलो का?"

"तुम्ही झोपला होता, काका."

"मंग उठवाचं होतं. माह्या जिवंतपणी तुनं कोयता उचलला म्हन्जे माही काय किंमत राह्यली गावात?"

बघ, त्या क्षणी तरी त्यांना प्रेमची काळजी नव्हती. गावात आमच्या गल्लीत जेवढ्या बायका एकट्या राहतात त्यांची कोहळी फोडायचा मान त्यांचा. घाव घालायचा, पाव हिस्सा उचलायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. तेवढ्यासाठी माणूस बहात्तराव्या वर्षी धावत एसटी पकडतो.

ती रीत मला आता नव्यानं समजून सांगू नकोस, मी लहानपणापासून ऐकते आहे. पुस्तकात त्याला लाल भोपळा म्हणतात, आपल्याकडे कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक. बाईनं त्यावर पहिला घाव घालायचा नाही. पुरुषानं एकदा कोयता टेकवला की मग बाईनं त्याचे हवे तितके तुकडे करावेत, किसावं, शिजवावं, तेलात तळावं, लेकाला काही होत नाही. म्हणजे लेकाचं सगळं नशीब त्या पहिल्या टेकवण्यात. पुढचा खून माफ.

आणि ते कोहळं पिकवलं कुणी? जूनमध्ये गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून कंबरभर खड्डा मी खणला. वर्षभराची कुजवलेली लेंडी त्यात मी भरली. ताजी लेंडी घातली तर मूळ पोळतं, हे कळायला माझे दोन वेल मेले. रोज सकाळी गोठा धुतला की ते पाणी फुकट जाऊ नये म्हणून त्या खड्ड्यापर्यंत चर मी काढला. वेल वर चढायला तुराट्यांची ताटी मी बांधली. छपराच्या टिनावर पानं भाजतात म्हणून त्यावर कपाशीची पऱ्हाटी मी पसरली. शेळ्यांनी बुंधा कुरतडू नये म्हणून त्याला बोरीचे काटे मी गुंडाळले, आणि ते काटे काढायला नांदुऱ्याच्या डॉक्टरकडेही मीच गेले. पावसाच्या झडीत माश्या फिरकेनात, तेव्हा भल्या सकाळी शिडीवर चढून नर फूल तोडून मादी फुलावर मी टेकवलं. ताई, त्या वेळी मात्र कुणी म्हणालं नाही की हे काम नाजूक आहे, यासाठी पुरुष बोलवा.

वर फळ धरलं तसं त्याच्याखाली जुन्या गोणपाटाची चुंबळ ठेवली. कडेला लोंबणाऱ्यांना जुन्या साडीची झोळी बांधली. त्या वेलाच्या सावलीनं माझा गोठा मे-जूनचे दिवस सोडले तर एरवी घरापेक्षा गार असतो. शेळ्यांना पिवळी पानं मिळतात, वेलाला लेंडी मिळते, मला कोहळं मिळतं. सगळ्या गावात एवढा समजूतदार कारभार दुसरा नाही. त्यात फक्त किसनरावांची जागा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी किसनराव आठ दिवस लेकीकडे राहायला गेले होते. प्रेम खामगावला कॉलेजात. वेलावर कोहळं उतरायला आलेलं आणि गल्लीत एकही पुरुष मोकळा नाही. झोळीतलं एक कोहळं जरा खाली आलं, आणि आपल्या काळ्या बोकडानं मागच्या पायांवर उभं राहून त्याला दात लावले. चांगली वीतभर साल काढली. किसनराव परत आले, चष्मा लावून त्यांनी जखम पाहिली आणि निकाल दिला, "बोकड बी नरच हाय न? झाला घाव. काप आता बिनधास्त." मी तुला फोन करून सांगितलं, म्हटलं ही हसेल. तू गंभीरपणे म्हणालीस, "हाव, चालते तसं."

चालतं! बोकडाच्या दाताला जो मान आहे तो माझ्या हाताला नाही. चाळीशीत विधवा झाले, एकटीनं घर चालवलं, गावाला पुस्तकं वाचायला दिली, आणि माझी पायरी बोकडाच्या खाली.

हे गेले त्या वर्षी तूच प्रेमला माझ्याकडे पाठवलंस. पाचवीला त्याचं नाव इथल्या शाळेत घातलंस आणि म्हणालीस, "घरात पुरुष मानूस पायजे." पुरुष माणूस दहा वर्षांचा होता. पालीला घाबरायचा. कोहळं फोडायचं म्हटलं की कोयता त्याच्या हातात मावत नसे, मग मी मागे बसून त्याचा हात धरायचे. कोयता त्याच्या मुठीत, त्याची मूठ माझ्या मुठीत. सहा वर्षं आम्ही अशीच कोहळी फोडली. तेव्हा घाव कुणाचा होता, हे तू एकदाही विचारलं नाहीस.

म्हणून नऊ तारखेचं आता नीट सांगते, कारण तुला ते किसनरावांकडून कळलं आहे आणि किसनराव तेव्हा घोरत होते.

प्रेम रविवारी सकाळी दहाला आला. पहाटेचं धावणं उरकून आला होता, पोलीस भरतीचं मैदान जवळ आलं म्हणून रोज दहा किलोमीटर. वाळला होता. गोठ्याच्या कट्ट्यावर बसून कबरीला तुतीचा पाला चारत म्हणाला, "मावशी, कोहळ्याची बोंडं कर न. मायच्या हातची तेलकट लागतात, सांगू नको तिले." मी टिनावरून दोन कोहळी उतरवली. एक लहान, त्या दिवसासाठी. दुसऱ्याबद्दल पुढे लिहीन.

मी कोयता त्याच्यापुढे केला. तो हात मागे घेऊन हसला.

"तूच काप."

"वेडा झाला का? तू बसला आहेस ना समोर."

"बोकड चालते अन् तू चालत नाई का? काप, मी पाहून राह्यलो. काई झालं तं माह्या नावावर."

ताई, तो हे थट्टेत म्हणाला. मी कापलं. कोहळं आतून केशरी निघालं, इतकं गोड की गूळ निम्माच लागला. त्यानं सतरा बोंडं खाल्ली. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. तू त्याला म्हणशील, तुझंच तोंड तुला भोवलं, आणि प्लास्टरमधल्या पोराला ते ऐकावं लागेल, म्हणून. दवाखान्याच्या दारात तू जे जे बोललीस ते मी तेवढ्यासाठी ऐकून घेतलं, असं मी स्वतःला सांगत होते.

आता तीन दिवसांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी किसनराव विळा, नारळ आणि हळदकुंकवाची पुडी घेऊन माझ्या परसात आले.

"झुंबरबाईचा निरोप हाय. हा वेल मुळापासून उपट, मुळावर नारळ फोड, लेकाचं नाव घेऊन पाया पड. मंग ये म्हने घरी. प्रेमले दवाखान्यातून आणलं हाय, पाहू देते."

"आणि नाही उपटला तर?"

"तं येऊ नको म्हने. जलमभर."

मी म्हणाले, "काका, वेलानं काय केलं?"

"वेलानं काई नाई केलं, तू केलं. पन तुले कसं उपटाव?"

यावर मला हसू आलं, हे कबूल करते. मग त्यांना घालवून दिलं. त्यांचा नारळ गोठ्याच्या भिंतीवर राहिला. संध्याकाळपर्यंत मी तुझ्यावर इतकी चिडले होते की शेळ्यांनाही दोन शिव्या जास्त बसल्या.

आणि तरी शनिवारी सकाळी मी विळा घेऊन त्या मुळाशी बसले होते.

हे वाचून तुला वाटेल, आली वठणीवर. थांब. मी का बसले ते लिहिणं मला जड जातं आहे. दोन कागद मी याआधी फाडले आहेत.

मी हिशेब केला होता, आणि तो सरळ होता. वेल उपटायचा, नारळ फोडायचा, तुझ्या घरी यायचं, तू दोन दिवस तोंड फिरवशील आणि तिसऱ्या दिवशी चहा देशील. प्रेमला पाहायला मिळेल. गाव म्हणेल, चुकली पण शेवटी वाकली. कोहळं कापल्याचा दोष मिटला की विषय मिटला. पुन्हा कधी कुणी विचारणार नाही की त्या दिवशी आणखी काय झालं होतं.

मला तेच हवं होतं, ताई. तुम्ही सगळे माझ्या कोयत्याला नावं ठेवत होता, तोवर मला बरंच होतं. मी मनात तुम्हाला अडाणी म्हणत होते, रागानं फणफणत होते, आणि त्या रागाच्या आड मजेत बसले होते.

दुसरं कोहळं चौदा किलोचं होतं. या वर्षीचं सगळ्यात मोठं. दरवर्षी मोठं तुला येतं, यंदाही तुलाच. प्रेम म्हणाला, "मावशी, हे नको. गाडीवर ठरत नाई. बसनं पाठव, नाई तं पुढच्या खेपेले नेतो." मी ऐकलं नाही. मी म्हणाले, "मावशीनं रिकाम्या हातानं पाठवलं असं सांगशील का मायले?" तो म्हणाला, पुढे टाकीवर घेतो. मी म्हणाले, टाकीवर नीट बसत नाही, मागे बांधते. घरात धड दोरी सापडेना. मग मी कबरीचं दावं सोडलं आणि त्या दाव्यानं कोहळं कॅरिअरला बांधलं. माझ्या हातानं.

आणि गाठ मारली ती शेळीची. तुला माहीत आहे ती गाठ, आपल्याला आईनंच शिकवली. एक टोक ओढलं की पूर्ण सुटते. कुत्रं आलं, आग लागली, तर जनावर क्षणात मोकळं झालं पाहिजे म्हणून तशीच मारायची असते. चाळीस वर्षं माझ्या बोटांना दुसरी गाठ येत नाही. मी विचारही केला नाही. वर थोपटून म्हणाले, "जा आता, दिवस मावळायच्या आत पोच."

पूर्णेचा पूल ओलांडल्यावर गतिरोधकावर गाडी उसळली आणि प्रेम पडला. तो सगळ्यांना सांगतो की कुत्रं आडवं आलं.

कुत्रं आलं नव्हतं. दवाखान्यातून परतताना त्याच मंगळवारी मी नांदुऱ्याला उतरले. गाडी तिथल्या गॅरेजात आहे, असं भाऊजींनी जिन्यात हळू आवाजात सांगितलं होतं. मिस्त्रीनं मागचं चाक खोललं होतं. त्यानं साखळीत पिळून निघालेला दोरीचा लोळा माझ्यापुढे धरला.

"बकरीचं दावं दिसते हे. चाकात गेलं अन् चाक जाम झालं. तुमचंच हाय का बाई?"

दोरीत हिरवी किनार वळलेली होती. शेळीच्या मानेला काचू नये म्हणून माझ्या जुन्या पातळाची किनार मीच त्यात वळली होती.

मी म्हणाले, "नाही."

"मंग कोनाचं?"

"मला काय माहीत."

आणि गॅरेजातून बाहेर पडून मी बसस्टँडवर जाऊन बसले. गावाला, तुला, त्या सलाइनवाल्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात मूर्ख म्हणत वडनेरपर्यंत आले.

प्रेमला ते माहीत आहे. पडताना त्यानं मागे बघितलंच असेल. तो माझ्यासाठी खोटं बोलतो आहे, आणि चोवीस वर्षांच्या त्या पोराचं मैदान गेलं. दीड वर्ष तो पहाटे धावला होता. पायात सळई आहे, पुढच्या भरतीपर्यंत वयाचं काय, छातीचं काय, धावता तरी येईल का, ते मला माहीत नाही. विचारायला तू आत येऊ दिलं नाहीस, आणि खरं सांगते, त्या दारातून परत फिरताना मला थोडं हायसंही वाटलं होतं. त्याच्या डोळ्यांत बघायचं टळलं म्हणून.

म्हणून शनिवारी विळा खाली ठेवला. वेल उपटला असता तर तू मला माफ केलं असतंस आणि मी ती माफी चोरली असती. किसनरावांचा नारळ त्यांना परत नेऊन दिला. ते म्हणाले, "तू लय हेकट हाय." म्हटलं, हो.

तर आता ऐक, आणि हे माझं भांडणच समज. कोहळं मी कापलं, पुढेही मीच कापणार, आणि त्याबद्दल मी तुझा, किसनरावांचा किंवा कुठल्याही बोकडाचा एक शब्द ऐकून घेणार नाही. त्यानं कुणाचा पाय मोडत नाही. मोडत असता तर सहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून फोडलेल्या कोहळ्यांनी तो कधीच मोडला असता. पण दोरी माझी, गाठ माझी, आणि 'नको' म्हणणाऱ्या पोरावर चौदा किलो लादणारा हट्टही माझा. त्याबद्दल तुला जे बोलायचं ते बोल. पुन्हा सगळ्या वॉर्डासमोर बोललीस तरी मी मान खाली घालून उभी राहीन. तो राग तुझा हक्काचा आहे. आजवर तू तो भलत्या ठिकाणी खर्च केलास, आणि मी करू दिला.

एक मागणं आहे. प्रेमला सांग की कुत्र्याची गोष्ट आता पुरे. मावशीनं सगळं लिहून पाठवलं आहे म्हणावं. मला वाचवायच्या ओझ्याखाली तो खाटेवर पडून राहावा, हे मला सहन होत नाही. आणि तो 'मीच काप म्हणालो' असं सांगेल, तर त्याच्यावर आवाज चढवू नकोस. तेवढं एक माझ्यासाठी कर.

पत्र उद्या टपालात पडेल, गुरुवारपर्यंत तुला मिळेल. शुक्रवारी सकाळच्या बसनं मी येते आहे. हातात डबा नसेल, कोहळं नसेल, नारळ तर नसेलच. आधी तुझ्याशी बोलेन, मग त्याच्या खाटेपाशी बसून त्याला माझ्या तोंडानं सांगेन की तुझा पाय मी मोडला. तू आत घेतलं नाहीस तर ओट्यावर बसून राहीन. तुमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. ओट्यावरून बोललं तरी त्याला ऐकू जाईल, आणि तुझ्या शेजारणींनाही. मला आता कुणी ऐकल्याची पर्वा नाही.

भाऊजींना नमस्कार. त्यांनी जिन्यात सांगितलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस.

तू आत घेतलंस तर तुझी धाकटी, नाही घेतलंस तरी प्रेमची मावशी,

पुष्पांजली